चाकांवरचे घर, चासीपासून

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण ज्या कुणी रचली, त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले मोटारहोम खासच नसणार. तिकडे हे घर फिरण्यासाठीच बांधलेले असते. ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, पाण्याची टाकी, चार-सहा माणसांच्या पथाऱ्या असे सगळे एका बसएवढ्या गाडीत बसवायचे आणि मनात येईल तिकडे निघायचे. आपल्याकडे असली गाडी बहुतेकांनी पाहिली ती चित्रीकरणाच्या जागी उभी असलेली, नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन म्हणून. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे. पण आपला प्रवासी अजून तरी दशम्या बांधून निघतो आणि भक्तनिवासात उतरतो. त्यात वाईट काही नाही.

मी सांगणार आहे ती हकिगत पन्नाशीला टेकलेल्या एका मोटारहोमची आहे. त्याचा पार सांगाडा उघडा करून ते पुन्हा उभे करण्याचा खटाटोप मी जवळून पाहिला. २०२३ चा उन्हाळा आम्ही उभयतांनी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, मुलीकडे काढला. तिच्या मागच्या कुंपणापलीकडे पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. सारी हयात यंत्रशाळेत गेलेली. त्यांचे नाव छापायची परवानगी मी मागितलेली नाही. शेजारीबुवा म्हटले तरी आपले काम भागते. त्यांच्या परसातल्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये १९७६ सालचे, २६ फूट लांबीचे जीएमसी मोटारहोम होते. घराचा वरचा भाग लाकडी ठोकळ्यांच्या चळतींवर आणि लोखंडी टेकूंवर अधांतरी तोललेला, आणि खालची चासी चाकांसकट बाहेर ओढून काढलेली. सापाने कात टाकता टाकता मध्येच विश्रांती घ्यावी तसे ते दृश्य होते.

या गाडीची थोडी कुळकथा सांगायला हवी. त्या काळातले बहुतेक मोटारहोम म्हणजे ट्रकची चासी विकत घ्यायची आणि तिच्यावर एक खोका चढवायचा, असा मामला असे. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये बाजारात आणलेली ही गाडी मात्र पहिल्या रेघेपासून मोटारहोम म्हणूनच आखलेली होती. इंजिन घेतले ओल्डस्मोबिल मोटारीचे, ४५५ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचे. आपल्या घरगुती मोटारीचे एक-सव्वा लिटरचे असते, त्यावरून हिशेब करा. १९६६ च्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडोप्रमाणे या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीमागे न ठेवता बगलेत बसवलेला, आणि दोघांना जोडणारी एक रुंद साखळी. इंजिनाचे झाकण उघडायचे ते गाडीच्या आतून, दोन पुढच्या आसनांच्या मधल्या जमिनीतून. चालकाशेजारी इंजिनाची ऊबदार पेटी असलेली जुनी एसटी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे नवल वाटणार नाही.

पुढची चाके गाडी ओढतात म्हणून मागे जाणारा लांब शाफ्ट नाही. मागे आडवा आसही नाही. दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाके आणि त्यांच्यामध्ये रबराची हवेची पिशवी. या सगळ्याचा परिणाम एकच, पण फार मोठा: घराची जमीन रस्त्यापासून अगदी खाली आली. इतरांच्या गाडीत शिडी चढून जावे लागे, हिच्यात उंबरठा ओलांडल्यासारखे आत जाता येई. ही ठेंगणी जमीन वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ आहे.

गाडी आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अरबांनी तेलाची कोंडी केली. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाणाऱ्या घराला तो काळ कसा मानवणार? तरीही १९७८ पर्यंत सुमारे १३ हजार गाड्या बाहेर पडल्या आणि मग उत्पादन थांबले. गंमत पुढे आहे. कारखान्याने अंग काढून घेतल्याला पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली, पण मालकांनी घेतले नाही. त्यांच्या संघटना आहेत, मेळावे भरतात, आणि न मिळणारे सुटे भाग छोटे छोटे यंत्रशाळावाले आजही घडवून देतात. वारकऱ्यांच्या दिंडीत एखादा अभंग लिहिलेला नसूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकावा, तशी ही विद्या तोंडी आणि हातोहात चालत आलेली आहे.

जुनी गाडी नवी करण्याचे दोन मार्ग असतात, वरून खाली आणि खालून वर. पहिला लोकांना आवडतो. रंग मारावा, पडदे शिवावेत, गाद्यांना नवे कापड घालावे, फोटो काढावेत. दुसऱ्यात पहिले कित्येक महिने दाखवण्यासारखे काहीच हाती लागत नाही. शेजारीबुवांनी दुसरा धरला, कारण त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली आडवे होण्याचे कष्ट घेतले होते. मागच्या चाकांपलीकडे, मैल्या पाण्याची टाकी जिथे लोंबते तिथे, चासीत तो स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

याचे कारण मीठ. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे, आणि तिथले मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी ओतले जाते. माणसे घसरत नाहीत, पण गाड्या खालून सडतात. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच्याच पोटात मोटारींचा काळ साठवलेला असावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीत घातला तर समीक्षक ओढूनताणून आणलेला म्हणतील.

गाडी उघडण्याची रीत मी रोज कुंपणाशी उभा राहून पाहिली; आठवडाभराने मला शेडमध्ये स्टूल मिळाले. आधी गॅसच्या टाक्या, पेट्रोल आणि बॅटऱ्या बाहेर. मग कपाटे, ओटा, फ्रीज, जनरेटर. प्रत्येक तारेला चिकटपट्टीची चिठ्ठी, प्रत्येक नट-बोल्टाला निराळी पिशवी, पिशवीवर क्रमांक, आणि तोच क्रमांक वहीत चित्रासकट. उघडायला दोन महिने लागतात आणि विसरायला दोन दिवस, असे ते म्हणत. आमच्या बँकेतली जुनी रोखपाल मंडळी बंडलावर सही केल्याशिवाय ते बाजूला ठेवत नसत, त्याची मला आठवण झाली. यानंतर घर आणि चासी यांच्यामधले, रबराच्या गाद्यांतून गेलेले बोल्ट काढले आणि घर इंच इंच वर उचलले. एका कोपऱ्यात घाई केली तर पुढची मोठी काच तडकते.

सडलेला भाग कापून त्याच जाडीचे नवे पोलाद जोडणे हे काम एखादा सराईत वेल्डर दिवसभरात उरकेल असे मला वाटले होते. शेजारीबुवांना त्याला तीन आठवडे लागले. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. म्हणून दोन इंच डावीकडे, मग दोन इंच उजवीकडे, मग थंड होईपर्यंत कॉफी, आणि मग माप. माप कसले, तर कर्णाचे. चासीचा पुढचा डावा कोपरा ते मागचा उजवा, आणि पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही अंतरे सारखी भरली तर चौकट काटकोनात आहे. आपला गवंडी घराची आखणी करताना दोरी धरून हेच करतो. एका दुपारी अर्ध्या इंचाचा फरक निघाला. त्यांनी एक शब्द न बोलता आदल्या दिवशीचा सांधा कापून काढला. थिगळ लावून भागले नसते का, असे मी विचारले. ‘थिगळ लावलं की भोक बुजत नाही, शेजारी सरकतं,’ ते म्हणाले. चौकट तिरकी राहिली तर वर घर ठेवताना दारे लागत नाहीत, आणि लागली तरी खड्ड्यात उघडतात.

आपल्या एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवली जाते, तिथल्या कारागिरांना यातले काहीच नवीन वाटणार नाही. आपल्याकडे हा पोटापाण्याचा धंदा आहे, तिकडे छंद. हात तेच.

चासी खरवडून, रंगवून झाली की सगळ्या नळ्या नव्या. ब्रेकच्या नळ्यांचे कारण उघड आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्यांचे मला माहीत नव्हते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या काळचे रबर त्याने कुजते. नळी चिरली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर, आणि इंजिन तर दोन आसनांच्या मध्ये. या गाड्या जळाल्या त्यांतल्या कितीतरी अशा जळाल्या. आपल्याकडेही पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा वडिलांची स्कूटर जपून ठेवलेल्यांनी तिची नळी एकदा बोटाने दाबून पाहावी.

माझ्यातला बँकवाला एवढा वेळ गप्प बसला होता. हे प्रकरण कर्जासाठी माझ्या टेबलावर आले असते तर मी ते दोन मिनिटांत परत केले असते. खर्च जाईल एवढा, विक्रीतून येईल तेवढा नाही, आणि श्रमाची किंमत धरली तर तोट्याला तळच नाही. शेजारीबुवांच्या वहीत डॉलरचा रकाना होता, तासांचाही होता. तासांचा जूनमध्येच कोरा राहू लागला. त्यांच्या मुलाचे म्हणणे असे की कर्ज काढून नवी घ्या. तिकडे अशा गाड्यांना पंधरा-वीस वर्षांचे कर्ज मिळते. पण गाडीची किंमत घसरते वेगाने आणि कर्ज फिटते सावकाश, त्यामुळे बरीच वर्षे माणूस गाडीच्या किमतीपेक्षा जास्त देणे लागतो. तारणाची अशी अवस्था पाहून कुठल्याही शाखाधिकाऱ्याला झोप लागणार नाही. तेव्हा हिशेबात मुलगाही जिंकत नव्हता.

शेवटी नवी गाडी का नको, हे मला शेजारीणबाईंनी सांगितले. आमची सौभाग्यवती त्यांच्याकडून बीटाचे लोणचे शिकायला जात असे, तिच्यासोबत एकदा मीही गेलो. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदय अशक्त म्हणून शस्त्रक्रिया नाही. चालतात त्या वॉकर घेऊन. मुलाने त्यांना विक्रेत्याकडे नेले होते. नव्या चकचकीत गाडीला चार पायऱ्या होत्या, आणि त्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या. विक्रेता मुलगा भला होता, त्याने हात पुढे केला. ‘मला हात नको होता, पायरी हवी होती,’ त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली नव्हती. पण जायचे तर फार लांबवू नका, असे सुचवले होते. त्यांना जायचे होते सुपिरिअर सरोवराच्या काठी, जिथे मुले लहान असताना तंबू ठोकून ते राहत. मॅकिनॉचा तो पाच मैल लांबीचा पूल ओलांडून उत्तरेला.

म्हणजे शेडमधले काम घड्याळाशी चालले होते आणि तरी तो गृहस्थ अर्ध्या इंचासाठी सांधा कापत होता. मी हे एकदा त्यांना बोलून दाखवले. ते म्हणाले, ‘मागे कोण बसणार आहे?’

ऑगस्टमध्ये बाई स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडले नाही, पण त्यानंतर ती ठेंगणी जमीनही त्यांना उंच वाटू लागली. शेजारीबुवांनी दोन दिवस शेड उघडली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चासीच्या उजव्या बाजूला, दाराच्या बरोबर खाली, पोलादाचा एक कंस वेल्ड केला आणि त्याला घडीची रुंद पायरी जोडली. वॉकरचे चारही पाय तिच्यावर मावतील एवढी. वरून घर चढवल्यावर हे करता आले नसते. पातळ पत्र्याला बोल्टाने लटकवलेली पायरी दहा वेळा टिकते, अकराव्या वेळी नाही. चासी उघडी होती म्हणून जमले. त्या पायरीवर मला उभे करून त्यांनी उड्या मारायला सांगितले. माझे वजन त्या दिवशी प्रथमच कुणाच्या उपयोगी पडले.

आम्ही ऑक्टोबरात परतलो तेव्हा घर पुन्हा चासीवर बसले होते. दारे लागत होती. आत मात्र नुसते प्लायवूड, आणि इंजिन अजून टेबलावर.

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. इंजिन सुरू झाले होते, ब्रेक लागत होते, सहा टायर आले होते. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असो, रबराचे वय तिथे कळते. शेजारीबुवांनी सहाही टायर जमिनीवर गोल फिरवून आकडे वाचले. चार नवे निघाले. दोघांवर १८२० होते, म्हणजे २०२० चा अठरावा आठवडा. दुकानात चार वर्षे पडून राहिलेले. ते दोन त्यांनी परत पाठवले. बदली टायर यायला वेळ लागणार, म्हणून शेजारीणबाईंनी कॅलेंडरवरची लाल खूण खोडून दोन आठवडे पुढे केली.