वर्गातला पडदा आणि गळालेला ‘म्हणून’

वर्गात प्रोजेक्टर आला, याचे आम्ही स्वागतच करतो. ज्याच्या घरात नकाशा नाही, ग्रंथ नाही, त्या मुलाला हृदयाची रचना पडद्यावर दिसावी, यात वाईट ते काय?

आमची हरकत वेगळी आहे. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले ते कंपन्यांच्या बैठकांसाठी. शिक्षक तेच वर्गात आणतात, पडद्याकडे तोंड करून ओळी वाचतात आणि मुले त्या उतरवून घेतात. हे जुनेच पाठांतर, फक्त विजेवर चालणारे!

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान कोसळले. कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी यानावर फोमचा तुकडा आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्याचा आढावा स्लाईडवर मांडला. वरचा मथळा दिलासा देणारा. तुकडा सुमारे १९२० घन इंचांचा आणि चाचणीतला अवघा ३ घन इंचांचा, ही बाब मात्र तळाच्या बारीक ओळीत! अपघात स्लाईडने झाला नाही. पण चौकशी मंडळाने या स्लाईडबाजीवर अहवालात ठपका ठेवला.

आता आपल्या नाशिकचा इतिहास घ्या. स्लाईडवर पहिला ठिपका : २ मार्च १९३०, काळाराम मंदिर सत्याग्रह. दुसरा ठिपका : १३ ऑक्टोबर १९३५, येवल्याची घोषणा. दोन्ही तारखा बरोबर, परीक्षेत गुणही मिळतील. पण दरवाजा कोणी अडवला, लोक वर्षानुवर्षे का झगडले, आणि त्यातून धर्म सोडण्याच्या निर्णयापर्यंत बाबासाहेब कसे आले? दोन ठिपक्यांमधला ‘म्हणून’ स्लाईडवर मावत नाही. आम्ही वकिली करतो. न्यायाधीश तारखा कागदावर वाचतातच. युक्तिवाद उभा राहतो तो या ‘म्हणून’वर. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तो शिकवणार कोण? घरी ट्यूशन असलेल्यांचे भागते.

तेव्हा स्लाईड विद्यार्थ्यालाच करू द्या. एक चित्र, एक तारीख, बस्स. उरलेले त्याने वर्गासमोर उभे राहून तोंडाने सांगावे, बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यावी. चर्चा रंगली की शिक्षकांनी कीबोर्डवरचे ‘बी’ दाबावे. पडदा काळा होतो आणि मुले एकमेकांकडे पाहू लागतात. सॉफ्टवेअर विकतच हवे असे नाही, लिबरऑफिस इम्प्रेस फुकट मिळते. फक्त टंकन युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्या संगणकावर गेली की तिची नुसती चिन्हे होतात.