सूर आणि सत्ता (भाग ५) : ध्रुवपद उमेदवाराचं, कडवी गायकाची

मागच्या आठवड्यात आपण उमेदवारासाठी मुद्दाम बेतलेली गाणी पाहिली. १८४० मध्ये विल्यम हेन्री हॅरिसनसाठी रचलेलं ‘टिपेकनू अँड टायलर टू’ किंवा १९६० मध्ये गीतकार सॅमी कान यांनी स्वतःच शब्द बदलून दिलेलं, फ्रँक सिनात्राने केनेडींसाठी गायलेलं ‘हाय होप्स’. अशा गाण्यांच्या अर्थावरून वाद होण्याचं कारण नव्हतं. ती उमेदवाराचीच होती. पुढे प्रचारयंत्रणा लोकांच्या ओठांवरची आयती गाणी उचलू लागल्या, आणि उसन्या गाण्याबरोबर त्याच्या मूळ मालकाचं मतही घरात येतं, हे त्यांना कळू लागलं.

याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९८४ चा. त्या जूनमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हा अल्बम आला आणि देशभर दुमदुमला. पुराणमतवादी स्तंभलेखक जॉर्ज विल कानांत कापूस घालून त्याच्या मैफलीला गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. त्यांना त्यात कष्टाळू, कुरकुर न करणारी अमेरिका दिसली. काही दिवसांतच, १९ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचाराला आले. स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीचाच. या भूमिपुत्राच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशावर अमेरिकेचं भवितव्य उभं आहे, अशा आशयाचं ते बोलले.

आशा ऐकू येत होती ती ध्रुवपदात. तिथे शीर्षकाचीच घोषणा होते, मागे ढोल कडाडतो आणि सिंथेसायझर तुतारीसारखा वाजतो. कडव्यांत मात्र वेगळीच हकीकत आहे. मरगळलेल्या गावातला एक पोरगा व्हिएतनाममध्ये लढायला धाडला जातो, परततो तेव्हा कारखान्यात काम मिळत नाही, आणि सरकारी कचेरीतला माणूसही हात वर करतो. स्प्रिंगस्टीनने हे गाणं १९८२ च्या सुरुवातीला घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, नुसत्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलं होतं. ते ऐकलं तर कुणाच्याही मनात झेंडा फडकणार नाही. शब्द बहुतांशी तेच राहिले. वाद्यवृंदाने त्यांचा चेहरा पालटला. तेव्हा रेगन यांच्या भाषणलेखकांना हसण्यात अर्थ नाही. लाखो श्रोत्यांनीही ते तसंच ऐकलं, आणि मुठी वळवून गावंसं वाटेल असं ध्रुवपद स्वतः स्प्रिंगस्टीननेच रचलं होतं.

त्याच आठवड्यात पिट्सबर्गच्या मैफलीत त्याने उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षांना आपला कोणता अल्बम आवडत असेल, असा खोचक प्रश्न करून त्याने ‘जॉनी ९९’ हे गाणं सुरू केलं. ती मोटार कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या आणि खून करून बसलेल्या कामगाराची कथा आहे. इकडे डेमोक्रॅट उमेदवार वॉल्टर माँडेल यांनी स्प्रिंगस्टीनचा आपल्याला पाठिंबा असल्याचं सांगून टाकलं, आणि त्यांना ते मागे घ्यावं लागलं. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. गायकाच्या नकाराचा मतपेटीवर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

मग गायक उमेदवाराला कायद्याने रोखू शकतो का? इथे अमेरिकेचा कायदा जरा विचित्र आहे. सभेत गाणं वाजवण्यासाठी परवाना लागतो तो गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा, आणि तो अॅस्कॅप किंवा बीएमआय या संस्था लाखो गाण्यांसाठी एकगठ्ठा देतात. ध्वनिमुद्रण ज्याच्या आवाजात आहे, त्या गायकाला सभागृहातल्या वाजवण्यावर कॉपीराइटचा असा हक्कच नाही. त्याचा हक्क डिजिटल प्रसारणापुरता. राजकीय संघटनांसाठीच्या परवान्यात मात्र एक पळवाट गीतकाराच्या बाजूने आहे: त्याने हरकत घेतली, तर संस्था त्याची गाणी परवान्यातून काढू शकते.

हा फरक ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ या १९६६ च्या गाण्यात स्वच्छ दिसतो. ते लिहिलं आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांनी, गायलं सॅम अँड डेव्ह या जोडीने. २००८ मध्ये ओबामांच्या सभांत ते वाजू लागलं, तेव्हा त्या जोडीतल्या सॅम मूर यांनी थांबण्याची विनंती केली आणि ओबामांच्या चमूने ती मानली. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या सभांत तेच गाणं वाजत होतं. या वेळी हेज यांचे वारस न्यायालयात गेले, आणि अटलांटातल्या न्यायाधीशांनी परवान्याशिवाय ते वाजवायला अंतरिम मनाई केली. गायकाच्या हाती विनंती होती, गीतकाराच्या वारसांच्या हाती मनाईहुकूम.

चित्रफितीचं प्रकरण आणखी कडक. तिथे एकगठ्ठा परवाना चालत नाही; प्रत्येक गाण्याची वेगळी परवानगी लागते. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांच्या बाजूच्या जाहिरातीत जॅक्सन ब्राऊनचं ‘रनिंग ऑन एम्प्टी’ वापरलं गेलं. दावा २००९ मध्ये तडजोडीने मिटला आणि माफी मागावी लागली. ट्रम्प यांनी २०२० मध्ये ट्विट केलेल्या चित्रफितीत एडी ग्रँटचं ‘इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू’ होतं. २०२४ मध्ये न्यायालयाने तो कॉपीराइटचा भंग ठरवला.

तरीही प्रत्येक निवडणुकीत हेच पुन्हा घडतं, कारण हिशेब उघड आहे. सभेतली पाच मिनिटं त्या संध्याकाळी कामी येतात. नोटीस नंतर येते, आणि तिची बातमीही उमेदवाराचं नाव छापूनच येते. कायदा परवाना तपासतो, अर्थाचा निवाडा करत नाही. म्हणून कडव्यांची बाजू मांडायची तर गायकाला स्वतःच बोलावं लागतं. स्प्रिंगस्टीनने शेवटी तेच केलं: २००४ मध्ये जॉन केरींसाठी तो उघडपणे प्रचारात उतरला.

पण गायक बोलला आणि त्याचा श्रोताच उलटला तर? २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, लंडनच्या रंगमंचावरून उच्चारलेल्या एका वाक्याने डिक्सी चिक्स या कंट्री संगीताच्या लाडक्या त्रयीची गाणी अमेरिकेतल्या अनेक रेडिओ केंद्रांवरून गायब झाली. ती हकीकत पुढच्या आठवड्यात.