लाडवातला बेदाणा आणि दारातला मोत्या

दिवाळीच्या फराळाचे डबे भरले गेले, की ज्या घरी कुत्रा पाळलेला आहे त्या घरी एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते. ते असे, की ‘मागच्या वर्षी त्याने अख्खा लाडू खाल्ला होता, काहीसुद्धा झाले नाही.’ वकिलांच्या, प्राध्यापकांच्या, फार काय, माणसांवर उपचार करणाऱ्या वैद्यांच्या तोंडूनही हे वाक्य मी ऐकत आलो आहे. फाटक नसलेला रेल्वेमार्ग डोळे मिटून ओलांडणाऱ्याने पलीकडे सुखरूप पोचल्याचा दाखला पुढे करावा, तसाच हा युक्तिवाद आहे.

मौज अशी, की याच घरांत कुत्र्याच्या खाण्यावर निर्बंध नसतात असे नाही. उलट ते शाही फर्मानासारखे कडक असतात. मिठाने केस झडतात, गोडाने जंत होतात, हे दोन सिद्धान्त तर पिढ्यान्‌पिढ्या निर्वेध चालत आलेले आहेत. वस्तुतः केस झडतात ते खरजेने, पिसवांनी, त्वचेच्या नाहीतर ग्रंथींच्या विकाराने; आणि जंत होतात ते जंतांची अंडी वा अळ्या शरीरात शिरल्याने, साखरेने नव्हे. मीठ आणि साखर कुत्र्याला फार हितकारक आहेत असे मला सुचवायचे नाही. परंतु निरपराध्यांवर असा चोख पहारा बसवून खऱ्या गुन्हेगाराला, म्हणजे लाडवाच्या माथ्यावर दिमाखाने बसलेल्या बेदाण्याला, घरभर मोकळे फिरू द्यावे, हे चमत्कारिक आहे.

नाशिकची द्राक्षे आणि तासगावचा बेदाणा ही आपल्या अभिमानाची स्थाने असल्यामुळे हे विधान पुष्कळांना रुचत नाही. म्हणून थोडा तपशील देतो. अमेरिकेतील ‘एएसपीसीए’ या प्राणिसंरक्षक संस्थेच्या विषबाधा केंद्रातील पशुवैद्यांनी, आपल्या दप्तरी साठलेल्या नोंदी तपासून, द्राक्षे किंवा मनुका खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचा इशारा २००१ मध्ये दिला. कारण मात्र पुढील वीस वर्षे हाती लागेना. कीटकनाशकांवर संशय गेला, बुरशीवर गेला, पण कोणावरही आरोप शाबीत झाला नाही. अखेर मुलांच्या खेळासाठी घरी मळलेली, क्रीम ऑफ टार्टार घातलेली कणीक खाऊन एका कुत्र्याला अगदी तशाच प्रकारची बाधा झाली, तेव्हा धागा सापडला. आणि द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हेच त्याचे मूळ असावे, असे अनुमान त्याच केंद्रातील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या नोंदींनी या अनुमानाला पुष्टीच मिळाली, कारण चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. चिंचगुळाच्या आमटीचा भात ‘तेवढाच कालवून’ कुत्र्यापुढे ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

आता त्या मागच्या वर्षीच्या लाडवाकडे वळू. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि ते किती पिकले यावर त्यातील या आम्लाचे प्रमाण बदलते, आणि प्रत्येक कुत्र्याची सोसण्याची शक्तीही सारखी नसते. त्यामुळे एकदा मूठभर बेदाणे पचवलेला कुत्रा पुढच्या वेळी मोजक्या दाण्यांनी आजारी पडू शकतो. निर्धोक असे प्रमाण कोणालाही सांगता आलेले नाही. बाधा झालीच, तर पहिल्या दिवसात उलट्या होतात, त्या थांबल्या की घरचे लोक निश्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच एकदोन दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावू लागते. यावर उतारा नाही. वेळीच उलटी करवणे, शिरेतून सलाइन देणे आणि रक्ततपासणी करीत राहणे, एवढाच इलाज आहे.

एवढे सांगूनही कोणीतरी आजोळच्या मोत्याची साक्ष काढतोच. तो म्हणे घरचे सगळे खाऊन चौदा वर्षे जगला. या साक्षीत तथ्यांश आहे. माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती कुत्र्याने लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक मिळवली, हे ‘नेचर’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे. परंतु मोत्याच्या वाट्याला येत होता तो भाकरतुकडा आणि ताकभात. बेदाणे घातलेला लाडू त्या काळी घरातल्या मुलांनाही मोजून मिळे. शिवाय गोठ्यामागे जाऊन निमूटपणे मेलेल्या कुत्र्यांचा पंचनामा कोणी केला होता?

कांद्याची गोष्टही अशीच. शिजवला की त्याचा उग्रपणा जातो, म्हणून विषही जात असेल, असा समज आहे, तो चुकीचा. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशी फोडतात, मांजराला तर थोडक्या प्रमाणातही; आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसत असल्यामुळे भाऊबीजेच्या मटणाच्या वाटणाशी त्याचा संबंध कोणी जोडीत नाही. त्याच मटणाचे शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या आतड्यात रुततात, तेव्हा ‘हाड हा तर त्याचा हक्कच’ हे म्हणणे मागे घ्यावे. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई तर त्याची रक्तशर्करा घटकाभरात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवते.

तर मग सणाच्या दिवशी त्या बिचाऱ्याने काय नुसते पाहत बसावे? मुळीच नाही. फोडणी पडण्यापूर्वी, कांदा-मसाला लागण्यापूर्वी, त्याचा वाटा बाजूला काढावा: बिनमिठाचा भात, उकडलेला लाल भोपळा वा गाजर, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, पुरणासाठी शिजवलेल्या डाळीतली गूळ घालण्यापूर्वीची चमचाभर डाळ. असे अवांतर खाणे दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. चकल्या-करंज्या मात्र नकोत. तळणीच्या तेलातुपाने स्वादुपिंडाला सूज येण्याचे भय असते. फराळाला येणाऱ्या मंडळींना हा बंदोबस्त दारातच सांगावा, कारण ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून हात खाली जातो तो बहुतकरून पाहुण्यांचाच.

आणि इतके करूनही लाडू गेलाच, तर मिठाचे पाणी पाजून घरी उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठाने झटके येऊन जनावर दगावू शकते. कुत्र्याचे वजन, खाल्लेले लाडू आणि खाल्ल्याची वेळ एवढे टिपून घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे, मग रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात. पोट रिकामे करण्याचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो.