मोटारींतील मूषक

गणरायाचें वाहन म्हणून ज्या प्राण्यास आपण वर्षांतून एकदां तरी मान देतों, तोच आपल्या वाहनांत बिऱ्हाड करूं लागला म्हणजे त्याच्याविषयींचा आदर पार नाहींसा होतो. सकाळीं कामावर निघावें, किल्ली फिरवावी, आणि इंजिनानें हूं कीं चूं करूं नये. मेकॅनिकनें येऊन बॉनेट उघडावें तों आंत कुरतडलेल्या तारा, कापसाचा चोथा आणि काळ्या लेंड्या दिसाव्या, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांस आलेला असतो. हा उपद्रव कां होतो आणि त्यावर खरा उपाय कोणता, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं मी श्रोत्यांस मुंबईच्या उंबरठ्यावरील एका गांवीं नेणार आहें.

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून जुन्या आग्रा रस्त्यानें भिवंडीकडे निघालें, कीं त्या बाजूस काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे हीं गांवें जवळजवळ लागतात. मूळचा हा मुलूख भातशेतीचा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईपासून फार दूर नाहीं, अशी माल सांठविण्याची जागा म्हणून येथें वखारी उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तरी वखारी कमी झाल्या नाहींत, उलट वाढल्याच. वळसारख्या गांवांत आज पत्र्याच्या उंच छपरांच्या ओळी आणि त्यांच्या दारांत उभ्या असलेल्या मालमोटारी व टेम्पो हेंच मुख्य दृश्य आहे.

मनुष्याच्या दृष्टीनें ही व्यापाराची पेठ. उंदराच्या दृष्टीनें हें अन्नछत्र. शेतांत दाणा, वखारींत गोणी आणि पुठ्ठा, चहाच्या टपरीमागें उष्टें-खरकटें. पावसाळ्यांत शेताच्या बांधांवरील बिळें पाण्यानें भरतात. भात कापून झाल्यावर शेतांतला आसरा नाहींसा होतो. अशा दोन्ही वेळीं उंदीर इमारतींकडे धांव घेतात. माल उतरविण्याचा नंबर लागेपर्यंत रात्रभर वखारीच्या दारांत उभी असलेली गाडी ही त्यांना धर्मशाळाच वाटते. इंजिनाची ऊब बंद केल्यावरहि बराच वेळ टिकते; खालून वाट मोकळी, वरून छप्पर पक्कें, आणि आंत मांजराचें किंवा घुबडाचें भय नाहीं. याहून चांगली जागा त्यांना कोण देणार?

आतां या पाहुण्याच्या दांतांकडे पाहूं. उंदीर, घूस आणि खार हे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या एकाच गणांतले. त्यांचे वरचे दोन आणि खालचे दोन पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. उंदराचे दर आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर वाढतात. दाताची पुढची बाजू फार कठीण असते, मागची त्या मानानें मऊ. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग पुढें राहतो, आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप लागत राहते. वाटेंत आलेली वस्तु दांतांनीं चाचपून पाहणें, ती कापून रस्ता मोकळा करणें आणि घरट्यासाठीं मऊ चोथा जमविणें हा त्याचा स्वभावच आहे.

म्हणून ‘उंदीर भुकेपोटीं तारा खातो’ ही समजूत बरोबर नाहीं. अमेरिकेंत २०१६ च्या सुमारास कांहीं मोटारमालकांनीं कंपन्यांवर दावे लावले कीं, तारांच्या नव्या आवरणांत सोयाबीनचा अंश असल्यामुळें उंदीर तिकडे ओढले जातात. तें कसेंहि असो. सोयाबीनचा लेशहि नसलेलीं जुनीं रबरी व प्लास्टिकचीं आवरणेंहि उंदरांनीं पूर्वींपासून कुरतडलेलीं आहेत. केवळ तारेची जात बदलून हा प्रश्न सुटणार नाहीं.

नुकसान मात्र पूर्वींपेक्षां अधिक होऊं लागलें आहे. आजच्या मोटारींतील सर्व तारा एकापुढें एक जोडल्या तर एक किलोमीटरहून अधिक लांबी सहज भरेल. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे नियम लागू झाले, आणि इंजिनावर व धुराच्या नळीवर देखरेख करणारीं उपकरणें आणखी वाढलीं. त्यांतील एक बारीक तार तुटली, तरी गाडीचा संगणक धोक्याचा दिवा लावतो, कधीं गाडी सुरूच होऊं देत नाहीं. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींस लागल्या किंवा इंधनाची रबरी नळी कुरतडली गेली, तर आग लागूं शकते. विजेवर चालणाऱ्या गाडींत नारिंगी रंगाच्या तारांतून अतिशय जास्त दाबाची वीज वाहते. त्या कुरतडलेल्या दिसल्या तर हात न लावतां जाणकारास बोलवावें. घरच्या मोटारीचें नुकसान झालें तर आपला एक दिवस वायां जातो. वखारीवरच्या टेम्पोचालकाची मात्र खेप बुडते, आणि कर्जाचा हप्ता कांहीं बुडत नाहीं.

यावर लोक नानाविध उपाय करतात. कोणी बॉनेटखालीं तंबाखूचीं पानें बांधतो, कोणी डांबराच्या गोळ्या टाकतो, कोणी कानाला ऐकूं न येणारा आवाज काढणारें यंत्र बसवितो. नव्या वासाला आणि नव्या आवाजाला उंदीर प्रथम बिचकतो हें खरें. पण त्यापासून अपाय नाहीं असें कळलें कीं तो सरावतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ हवेच्या वाटेनें आपल्याच नाकांत शिरते. विष घालणें तर अधिकच अविचाराचें. विष खाल्लेला उंदीर गाडीच्या आंतच मेला, तर त्याच्या दुर्गंधीनें बसणें अशक्य होतें. आणि तो मांजरानें किंवा गव्हाणी घुबडानें खाल्ला, तर आपला फुकटचा राखणदारहि दगावण्याची भीति असते. या सर्व उपायांचा दोष एकच : आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. गाडी ही उंदराची विश्रांतीची जागा. त्याचें घर व अन्न तिच्याबाहेर आहे.

मुंबईनें हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचे पहिले रोगी ओळखले ते मांडवी भागांत. म्हणजे बंदरालगतच्या, धान्याच्या वखारींनीं गजबजलेल्या वस्तींत. त्या वेळीं गटारें धुतलीं गेलीं, घरांवर जंतुनाशकांचा मारा झाला. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत रोग पसरतो हें फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ सालीं कराचींत दाखवून दिलें, आणि तेंहि सर्वांस पटण्यास पुढें कांहीं वर्षें जावीं लागलीं. तार कुरतडणें आणि प्लेग यांची बरोबरी करण्याचा माझा हेतु नाहीं. पण जेथें वखार तेथें उंदीर, आणि उपाय उंदराच्या राहण्याच्या ठिकाणीं केला पाहिजे, हें सूत्र तेंच आहे.

तो उपाय असा. वखारीच्या ओट्यावर सांडलेला दाणा रात्रीं पडून राहूं देऊं नये. गोणी व खोकीं भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून उंच, फळ्यांवर ठेवावीं, म्हणजे मागें झाडतां येतें आणि बीळ दिसतें. घरचा लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोंकांतून आंत येतो. म्हणून भोकें सिमेंटनें किंवा बारीक लोखंडी जाळीनें बुजवावीं. जमिनीखालीं बिळें करून राहणारी घूस आणि नळांवरून छपरावर चढणारा काळा उंदीर यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. पिंजरा लावतांना त्या ओळखाव्या. चिचुंद्री मात्र या गणांतली नव्हे. ती किडे खाते, तारा कुरतडीत नाहीं. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तिला मारणें म्हणजे आपलाच पहारेकरी मारणें होय.

शहरांतल्या सोसायटीचा वाहनतळ म्हणजे लहानसें वळच समजावें. कचऱ्याची खोली, पाखरांसाठीं टाकलेले दाणे, कोपऱ्यांत वर्षानुवर्षें पडलेली अडगळ, हीं तेथलीं शेतें आणि वखारी. गाडींत बिस्किटें, शेंगदाणे, प्रसादाचा नारळ ठेवूं नये. गाडी रोज थोडी तरी हालवावी; फार दिवस उभी राहणार असेल तर बॉनेट अधूनमधून उघडून पाहावें. तारांवर मिरचीच्या तिखट द्रव्याची चिकटपट्टी गुंडाळतां येते; एक जपानी कंपनी अशी पट्टी विकते. पण ती शेवटची तटबंदी, पहिली नव्हे. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूं नयेत. हातमोजे घालून जंतुनाशकानें भिजवून पुसाव्या, कारण उंदराच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु पसरतात. विम्याचा करारहि वाचून ठेवावा. केवळ तिसऱ्या पक्षाच्या विम्यांतून स्वतःच्या गाडीचें नुकसान भरून मिळत नाहीं.

या प्रश्नांतील खरी अडचण यंत्राची नाहीं, माणसांची आहे. नुकसान होतें टेम्पोवाल्याचें किंवा मोटारमालकाचें. कारण मात्र असतें दुसऱ्याच्या ओट्यावर, सर्वांच्या कचऱ्यांत, कोणाच्याच नसलेल्या कोपऱ्यांत. त्यामुळें ज्याला भरपाई करावी लागते त्याच्या हातीं उपाय नसतो, आणि ज्याच्या हातीं उपाय असतो त्याला झळ लागत नाहीं. वखारीच्या मालकानें रात्रीं दार लावण्यापूर्वीं अर्धा तास ओटा झाडविला, आणि सोसायटीनें आपल्या पुढच्या सभेंत रंगरंगोटीबरोबर कचऱ्याच्या खोलीचाहि विषय घेतला, तर पुष्कळ गाड्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्याच किल्लीला सुरू होतील.