पदवीचें शेवटचें वर्ष आणि तेलाचा थेंब

श्रोतेहो, मुलगा अगर मुलगी विज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षांत गेली, म्हणजे घरांत दोन प्रश्न निघतात: टक्के किती मिळतील, आणि पुढें काय? या वर्षांत ती शिकते तरी काय, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर आज मी भौतिकशास्त्राच्या उदाहरणानें देणार आहें.

विषयांची यादी लांब आहे. श्रोडिंजर यांनीं १९२६ सालीं मांडलेलें समीकरण, अणुगर्भाचें विघटन, घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांची वागणूक हे विषय थोड्याफार फरकानें बहुतेक ठिकाणीं आढळतात. पण या वर्षाचा खरा धडा मला प्रयोगशाळेंत, तेलाच्या एका थेंबांत दिसतो.

हा प्रयोग शिकागो येथें रॉबर्ट मिलिकन यांनीं १९०९ च्या सुमारास आरंभिला. धातूच्या दोन आडव्या तबकड्यांमध्यें तेलाचे अतिसूक्ष्म तुषार सोडावयाचे, व त्यांतील एका थेंबावर सूक्ष्मदर्शकांतून नजर ठेवावयाची. प्रथम तो आपल्या वजनानें पडतो. त्या वेगावरून त्याचा आकार समजतो. मग तबकड्यांना योग्य दिशेनें विद्युद्दाब लाविला, कीं तो वर चढूं लागतो. दोन्ही वेगांवरून त्याच्यावरील विद्युद्भार निघतो. आणि पुष्कळ थेंब मोजले म्हणजे प्रत्येकाचा भार एकाच लहान भाराच्या पटींत येतो. तो लहान भार इलेक्ट्रॉनचा.

हा आंकडा पुस्तकांत छापलेलाच असतो. म्हणून वहींतील नोंदी त्यास जुळतील अशा ‘बसविण्याचा’ मोह होतो, आणि खरें बोलावयाचें तर तो पुष्कळांना आवरत नाहीं. ज्याचें उत्तर शेंकडा आठांनीं चुकलें, पण ती चूक घड्याळाची कीं हवेच्या झोताची हें ज्यानें शोधिलें, तो माझ्या मतें अधिक शिकला.

मिलिकन यांचेंच पाहा. एका कूलंबाचे एकावर एकोणीस शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील १.५९२ भाग, असें त्यांचें १९१३ सालचें उत्तर होतें. त्यांत शेंकडा ०.२ इतकीच चूक असावी, असा त्यांचा अंदाज. खरा भार १.६०२ च्या जवळ. म्हणजे चूक अंदाजाच्या तिप्पट! त्यांची चिकाटी कमी पडली नव्हती. हवेचा चिकटपणा, म्हणजे पडणाऱ्या थेंबास ती जो अडथळा करते त्याचें माप, त्यांनीं किंचित् कमी धरलें होतें. क्ष-किरणांच्या निराळ्या मोजणीशीं मेळ बसेना, तेव्हां १९३० नंतर तें उघडकीस आलें. हात मागेंपुढें झाल्याची चूक सरासरीनें घटते. ही मात्र हजार थेंब मोजले तरी घटत नाहीं, कारण ती प्रत्येक मोजणींत सारखीच शिरते. हा भेद विद्यार्थी पहिल्या वर्षीं व्याख्या म्हणून पाठ करितो. शेवटच्या वर्षीं तो त्याला स्वतःच्या वहींत सांपडावा.

ज्यांच्या घरीं अशी वही असेल, त्यांनीं टक्के विचारण्यापूर्वीं ती एकदां उघडावी. उत्तरापुढें अधिक-उण्याचें चिन्ह आहे काय, व त्यापुढील आंकडा कोठून आला, हें विचारावयास भौतिकशास्त्र यावें लागत नाहीं.

एक गंमत सांगावयाची राहिली. २० मे २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतींत हा भार व्याख्येनेंच १.६०२१७६६३४ असा ठरविला आहे. तो आतां मोजावयाचा उरला नाहीं. तेव्हां शिक्षकांनीं हाच प्रयोग एकदां उलटा द्यावा: भार ठाऊक आहे असें धरून, मिलिकन ज्यापाशीं अडखळले तो हवेचा चिकटपणाच विद्यार्थ्यांस थेंबांवरून काढावयास सांगावा.