सुरक्षित बॅटरीचे रहस्य तिच्या रसायनात

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणींतले लोहखनिज वर्षानुवर्षे बार्जमधून मांडवीवाटे मुरगाव बंदरात येत असे आणि तिथून जहाजांत भरून परदेशी जात असे. त्या खनिजातला, जगात मुबलक असलेला लोह हाच धातू आज विजेवरच्या गाड्यांना आगीपासून वाचवायला मदत करतो आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही असो वा कदंब महामंडळाच्या ऑलेक्ट्रा बनावटीच्या बसगाड्या, त्यांच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी हे रसायन असते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात विजेवरची एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये कंटेनरमधल्या स्कूटरींनी पेट घेतला. तेव्हापासून लोकांच्या मनात बसलेली धास्ती समजण्यासारखी आहे. पण सगळ्या लिथियम बॅटऱ्या सारख्याच धोकादायक नसतात.

सेलमधल्या धन आणि ऋण ध्रुवांमध्ये एक पातळ सच्छिद्र पडदा असतो आणि सगळे ज्वलनशील द्रावात भिजलेले असते. मार लागून, सदोष बांधणीमुळे किंवा जादा चार्जिंगमुळे आत शॉर्टसर्किट झाले, की सेल तापतो. त्या उष्णतेने नव्या रासायनिक क्रिया सुरू होतात, त्या आणखी उष्णता सोडतात आणि आग एका सेलमधून शेजारच्या सेलमध्ये पसरते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा धन ध्रुव असलेल्या एनएमसी सेलमध्ये साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे ध्रुवाची रचनाच ढासळते आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर पडतो. जळायला द्राव आणि जाळायला ऑक्सिजन, दोन्ही आतच. म्हणून ही आग विझवताना अग्निशमन दलाची दमछाक होते.

१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ, अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी धन ध्रुवासाठी लोह आणि फॉस्फेट वापरून दाखवले. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसचा एक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंना घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे सेल तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही, भडका उशिरा उडतो आणि उष्णताही बरीच कमी निघते. कोबाल्ट, निकेल लागत नसल्याने खर्च वाचतो, आयुष्यही जास्त. उणीव एकच मोठी: सेलचा विद्युतदाब सुमारे ३.२ व्होल्ट, एनएमसीचा ३.६ ते ३.७. तेवढ्याच अंतरासाठी बॅटरी जड होते. कडाक्याच्या थंडीत ती मंदावते, पण गोव्यात तो प्रश्नच नाही.

तरीही एलएफपी अग्निरोधक नव्हे. आतला द्राव ज्वलनशीलच असतो आणि फार तापल्यास हायड्रोजनसह इतर ज्वलनशील वायू निघतात. बंदिस्त गॅरेजमध्ये ते साचले तर स्फोट होऊ शकतो. २०२२ मधल्या आगींनंतर केंद्राने डिसेंबर २०२२ पासून दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ चे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले. पुण्यात केपीआयटी कंपनी आणि आयसर ही संशोधन संस्था यांनी लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीवर काम केले आहे. पण आज बाजारात सहज मिळणारा तुलनेने सुरक्षित पर्याय एलएफपीच आहे.

खाऱ्या हवेने आणि धुवांधार पावसाने मुरगावसारख्या किनाऱ्यावर जोडण्या गंजतात. म्हणून बॅटरीचे आवरण पाणीरोधक आहे ना, हे पाहून घ्यावे, चार्जर कंपनीचाच वापरावा आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तपासणीआधी मुळीच चार्ज करू नये. पर्यटकांना भाड्याने स्कूटर देणाऱ्यांवर तर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी असते. शोरूममध्ये एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावते, हे आपण विचारतोच. सेल कोणत्या रसायनाचा, हाही प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारायला हवा.