स्वच्छ पाणी : कोणती युक्ती कुठे चालते आणि हक्क कुठे मागायचा

उलव्याच्या नळाला येणारे पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे आहे. भोगेश्वरी नदीवरच्या या धरणातून सिडकोची जलवाहिनी निघते आणि उलवे, द्रोणागिरी, खारघरच्या इमारतींपर्यंत येते. त्याच पेण तालुक्यात वाशी-शिर्कीचा खारेपाट आहे. धरण आपल्या तालुक्यात असूनही तिथली माणसे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आली आहेत आणि पाण्यासाठी मोर्चे काढत आली आहेत. इकडे उलव्यातही सगळ्यांच्या घरी नळ आहे असे नाही. टॉवर बांधणारा मजूर पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याच्या घरचे पिण्याचे पाणी बांधकामाच्या टाकीतून किंवा विकतच्या वीस लिटरच्या जारमधून येते.

विमानतळासाठी इथला उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचे पात्र वळवले गेले. एवढी अभियांत्रिकी जिथे झाली, तिथे एका वस्तीला नळ देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असे कोणी सांगू नये.

मुद्दा एवढ्यासाठी आधी मांडला की पाण्याच्या 'अभिनव उपायांचे' व्हिडिओ आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. कुठे ढकलत नेता येणारे गोल पिंप, कुठे नळीने थेट नदीचे पाणी ओढून पिण्याची गाळणी, कुठे नाणे टाकले की पाणी देणारे यंत्र. यातले काही खरोखर उपयोगी आहे. पण कुठलाही उपाय वस्तीत नेण्याआधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पाणी आहे पण घाण आहे, की पाणीच मिळत नाही? पहिल्या प्रश्नाला उत्तर युक्तीचे आहे, दुसऱ्याला हक्काचे. बहुतेक उपक्रम फसतात ते इथेच. जिथे नळ हवा असतो तिथे फिल्टर वाटला जातो, फोटो निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच फिल्टर माळ्यावर धूळ खात पडलेला असतो.

घाण म्हणजे नेमके काय

पाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : गढूळपणा, रोगजंतू आणि विरघळलेले क्षार किंवा रसायने. एका गोष्टीवरचा उपाय दुसऱ्यावर चालेलच असे नाही. उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण खारे पाणी उकळूनही खारेच राहते. दिसायला स्वच्छ पाण्यात कावीळ आणि अतिसाराचे जंतू असू शकतात. म्हणून आधी तपासणी. शेंदूर-हळद लावून विहीर पवित्र होते, पण तिचे पाणी पिण्यालायक झाले की नाही हे परीक्षानळीच सांगते. ग्रामपंचायत पातळीवर वापरली जाणारी एच-टू-एस बाटली हे सोपे साधन आहे. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी, ते पिण्यासाठी वापरायचे नाही.

सर्वांत स्वस्त गाळणी म्हणजे जुने सुती लुगडे. बांगलादेशात यावर मोठा अभ्यास झाला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. वापरून मऊ झालेली सुती साडी चार वेळा दुमडून, म्हणजे निदान आठ पदर करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. कारण असे की पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र कापडातून निघून जातात. त्यामुळे गाळणे ही पहिली पायरी झाली, शेवटची नव्हे.

आपल्याला यात नवे काही वाटू नये. भिक्खूंच्या अष्टपरिक्खारांत चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, परिस्सावन. पाण्यातल्या जिवांची हिंसा होऊ नये हा त्यामागचा हेतू. चुल्लवग्गात त्याची एक कथा येते. कोसल देशात दोन भिक्खू प्रवासाला निघाले. एकाजवळ गाळणी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. भांडण झालेले असल्याने पहिल्याने गाळणी दिली नाही आणि दुसरा तहानेने मेला. त्यावर भगवंतांनी नियम केला की प्रवासात सोबत्याने मागितल्यास गाळणी नाकारायची नाही आणि गाळणी नसेलच तर चीवराच्या टोकाने पाणी गाळावे. साधन होते, तरी माणूस मेला. कारण ते एकाच्या हातात होते. वस्तीतल्या पाण्यावर काम करणाऱ्याने ही कथा लक्षात ठेवावी.

गाळल्यानंतर जंतू मारायचे. उकळणे खात्रीचे, खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरते. पण गॅसच्या दरात रोज वीस लिटर पाणी कोण उकळणार? मजुराच्या घरात ते होत नाही आणि त्याबद्दल त्याला आरोग्याचे व्याख्यान देण्यात अर्थ नाही. क्लोरीन परवडते. आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचे. विहिरीला आणि टाकीला टीसीएल पावडर लागते. पोते उघडे राहिले, ओल लागली की तिची ताकद उतरते आणि मग नुसता वास येतो, जंतू मरत नाहीत. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन उरले आहे का हे ओटी चाचणीत कळते. पाण्याला पिवळी छटा आली पाहिजे.

उन्हाचा उपायही खरा आहे. रंग नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची, ढगाळ असेल तर दोन दिवस. सूर्याची अतिनील किरणे आणि उष्णता मिळून जंतू मारतात. कोकणात हे नोव्हेंबर ते मे चालेल. पावसाळ्यात, म्हणजे जुलाब-कावीळ जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हा, चालणार नाही. तेव्हा क्लोरीनच.

आता आरओ. उलव्याच्या फ्लॅटमध्ये विक्रेता येतो, दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होते आणि घरातले घाबरतात. तो रंग बहुतेक त्या सळ्यांच्या लोखंडाचा असतो. आरओ क्षार काढण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ लावण्यावर बंदी आणा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले. धरणाच्या पाण्यात क्षार कमीच असतात. शिवाय घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकून देतो. खारेपाटातल्या बोअरला आरओ समजू शकतो, हेटवण्याच्या पाण्याला लावणे म्हणजे पेणच्या तहानेवर पाणी ओतून टाकणे.

पाऊस आणि पोढी

रायगडात पाऊस कमी नाही. हिशेब करून पाहू. तीनशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला तरी ५६ हजार लिटर पाणी त्या एका पत्र्यावरून वाहून जाते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकापुरते, माणशी सात लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना ८,४०० लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरची एक बंद टाकी पुरते. धुणी-भांडी, अंघोळ यात येत नाही, ते आधीच सांगावे. नाहीतर फेब्रुवारीत टाकी रिकामी होते आणि उपाय खोटा ठरतो.

अटी थोड्या आहेत. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत घ्यायचे नाही, ते छपराची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते. टाकीत उजेड गेला की शेवाळ धरते, फट राहिली की डास होतात. गंजलेला किंवा रंगाचे पोपडे निघणारा पत्रा नको. पिण्याआधी क्लोरीन हवेच. टाकी फेरोसिमेंटची, म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केली तर खर्च आटोक्यात राहतो. जलवर्धिनी प्रतिष्ठान ही संस्था अशा टाक्या बांधायला शिकवते. आपल्यातले गवंडी काम करणारे तरुण हे चटकन शिकतील.

भाड्याच्या झोपडीवर टाकी बांधता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मग विहाराचे छप्पर घ्या. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून त्याच हिशेबाने पावणेदोन लाख लिटरांहून जास्त पाणी मिळते. १४ एप्रिलला आपण पाणपोया लावतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाटल्या वाटतो. ते चांगलेच आहे. पण मे महिन्यात शेजारच्या वस्तीला वर्गणीच्या पैशातून पाणी देणारे विहार किती?

कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरावरचे पाणी खोदलेल्या पन्हाळींतून टाक्यांत उतरवलेले आजही पाहता येते. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि त्या कोणी दिल्या तेही कोरले आहे : कल्याणचा सोनार, चौलचा सोन्यानाण्याचा व्यापारी. चौल आपल्याच जिल्ह्यातले. आपण लेणी पाहायला जातो तेव्हा चैत्य पाहून, फोटो काढून परत येतो. टाक्यांवर सहसा कोणी थांबत नाही.

आणि दुसरा प्रश्न

२०१६ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या एका दलित मजुराने, पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले म्हणून, रोजची मजुरी सांभाळून चाळीस दिवसांत स्वतःची विहीर खणली. पाणी लागले. देशभर कौतुक झाले. कौतुक करावे असेच ते आहे. पण गावची विहीर मात्र होती तशीच राहिली, हे कोणी फारसे लिहिले नाही.

बाबासाहेबांनी महाडला वेगळा मार्ग घेतला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता आला नव्हता. कागदावर तळे खुले होते. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठरावही मागे घेतला. तळे खासगी मालकीचे आहे असा दावा कोर्टात गेला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. चळवळीला वर्गणीतून दुसरी विहीर खणता आली असती. तळ्यावर जाण्याचा आग्रह होता, कारण प्रश्न सार्वजनिक पाण्यावरच्या बरोबरीच्या हक्काचा होता. पुढे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये आला, सार्वजनिक विहिरी, तळी आणि घाट अशा स्पष्ट शब्दांत.

याच वाटेवरचे आजचे काम मुंबईच्या पाणी हक्क समितीचे आहे. २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती, अनधिकृत जागेला पाणी दिले तर जागा अधिकृत होईल म्हणून. समिती उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की पाणी हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी दिल्याने जागेवरचा हक्क तयार होत नाही, सामाईक नळ देता येईल, दर जास्त आकारता येईल, असा मार्गही दाखवला. मे २०२२ मध्ये मुंबई पालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण आणले. पाणी आणि जागेची मालकी वेगळी करणे ही या सगळ्यातली सर्वांत मोठी युक्ती, आणि तिला कुठलेही यंत्र लागले नाही.

उलव्याच्या आसपास काम करणाऱ्यांनी हा निकाल छापून जवळ ठेवावा. इथे कोणाकडे जायचे हे मात्र नीट पाहावे लागते. उलवे नोडला पाणी सिडको देते. आजूबाजूच्या गावांना ग्रामपंचायती आहेत. खारघर, कळंबोली हे पनवेल महापालिकेत येतात, उलवे येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तीन महिने तिथेच जातात. जलजीवन मिशनचे माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ग्रामीण कुटुंबांसाठी आहे. नोडमधल्या मजूर वस्तीला ते दाखवून उपयोग नाही, तिथे अनुच्छेद २१ आणि मजुरांना कामावर पिण्याचे पाणी देण्याची ठेकेदाराची कायदेशीर जबाबदारी या दोन गोष्टी घेऊन जावे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सामाईक पाणवठ्यावर अडवणे किंवा त्यांचे पाणी घाण करणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही माहीत असावे.

गावात असाल तर सुरुवात एका कार्डापासून करा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाणवठ्यांची पाहणी होते आणि तिला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपले कार्ड कोणत्या रंगाचे आहे, टीसीएल किती दिवसांचे शिल्लक आहे, जलसुरक्षक कोण आहे आणि बौद्धवाडीच्या, आदिवासीवाडीच्या टोकाच्या नळाची ओटी चाचणी शेवटची कधी झाली. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.